कस्टर्डाचें हरवलेलें कवच

मराठी घरांत 'कस्टर्ड' हा शब्द उच्चारला कीं डोळ्यांपुढें येतो तो एक पिवळसर, दाटसर, थंड केलेला पदार्थ. त्यांत केळ्याचे काप आणि डाळिंबाचे दाणे सोडलेले असतात, आणि तो वाटींत घालून चमच्यानें खावयाचा असतो. लग्नाच्या मेजवानींत, मुलांच्या वाढदिवशीं, उन्हाळ्याच्या सुटींत पाहुणे आले असतां तो इतक्या सहजपणें पुढें केला जातो कीं तो आला कोठून, हें विचारण्याची कोणास गरजही वाटत नाहीं. परंतु शब्दाचें मूळ शोधूं गेल्यास मोठें नवल दिसतें. 'कस्टर्ड' हा शब्द इंग्रजींत जुन्या फ्रेंच भाषेंतून आला. तेथें त्याचें रूप 'क्रुस्ताद' असें होतें आणि त्याचा अर्थ दूध नव्हे, अंडें नव्हे कीं साखरही नव्हे. त्याचा अर्थ पिठाचें भाजलेलें कवच.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस, सुमारें १३९० सालीं, इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यांतील आचाऱ्यांनीं पाककृतींचा जो संग्रह केला, त्यांत 'क्रुस्टार्ड' नांवाचे पदार्थ आहेत. पिठाचें कवच करावें, त्यांत मांसाचे तुकडे व मनुका घालाव्या, वर फेटलेलें अंडें ओतावें आणि तें भाजावें, असा त्यांतील एक प्रकार आहे. पुढें मांस मागें पडलें, दूध आणि साखर पुढें आली, आणि कवचाचें नांव आंतल्या सारणास चिकटलें. डबीचें नांव आंतल्या कुंकवास पडावें, तसेंच हें झालें. दूध, मध आणि अंडीं मंद आंचेवर घट्ट करण्याची युक्ति तर याहूनही जुनी; रोमन लोकांच्या 'अपिकियस' या नांवानें चालत आलेल्या पाकग्रंथांत ती सांगितलेली आहे. कवचांत भाजलेलें, वर जायफळाची पूड भुरभुरलेलें गोड कस्टर्ड इंग्लंडांतून अमेरिकेंत गेलें आणि तेथील खेड्यापाड्यांच्या घरांत कायमचें रुळलें. या पदार्थास इंग्रजींत 'पाय' म्हणतात. पानांत 'पाय' वाढावयाचा म्हटलें तर घरांतील वडील माणसें हंसल्यावांचून राहणार नाहींत; म्हणून येथें 'पाई' म्हटलेलें बरें.

हीच कस्टर्ड पाई इंग्रजांबरोबर मुंबईसही आली. परंतु इंग्रजांच्या बंगल्यांतून देशी घरांत शिरतांना तिचें कवच गळून पडलें आणि सारण तेवढें उरलें. पारशी घरांत, इराण्यांच्या उपाहारगृहांत, ख्रिस्ती आणि प्रभु घरांत कस्टर्ड आहे. कवच मात्र कचितच दृष्टीस पडतें. तें कां गळालें याची हकीकत नुसत्या स्वयंपाकघरापुरती नाहीं. तींत चूल आहे, तूप आहे, आणि जात जाण्याचें भयही आहे.

चुलीपासून आरंभ करणें सोईचें. एकोणिसाव्या शतकांत सुखवस्तु इंग्रज घरांतून लोखंडी बंद चूल आली. तिच्या पोटांतच एक पेटी असे आणि त्या पेटींत कोरडी उष्णता पदार्थास चारी बाजूंनीं लागे. मराठी घराची चूल उघडी, तिचें तोंड समोर आणि जाळ खालून. तिच्यावर शिजवतां येतें, उकडतां येतें, तळतां येतें, तव्यावर भाजतां येतें. परंतु चोहोंकडून सारखी कोरडी आंच मिळावी अशी तिची रचनाच नाहीं. दुधाअंड्याचें मिश्रण वाफेवर उत्तम बसतें. कणकेचें कवच वाफेवर ठेविलें तर तें ओलें आणि चिवट होतें. म्हणजे जेथें भट्टी नाहीं तेथें कस्टर्ड जगूं शकतें, पण त्याचें कवच जगूं शकत नाहीं.

तथापि या किनाऱ्यावरील गृहिणींस वरून आंच देण्याची विद्या ठाऊकच नव्हती, असें मात्र कोणी समजूं नये. शेगडींत थोडे निखारे, त्यांवर जाड बुडाचें पातेलें, पातेल्यावर सपाट झांकण आणि झांकणावर पुन्हां निखारे, ही 'खालीं आंच, वर आंच' देण्याची रीत कोंकणांत जुनी आहे. काकडीचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ यांचें धोंडस असेंच भाजलें जातें. त्याचा वरचा पापुद्रा तांबूस झाल्याखेरीज गृहिणी झांकण उतरवीत नाहीं. मुंबईंतील पाठारे प्रभूंचें भानोलें याच जातीचें. कोबी किंवा कोळंबी, डाळीचें पीठ आणि मसाला यांचें मिश्रण भांड्यांत थापून वरखालीं निखारे ठेवावयाचे आणि भाजल्यावर वड्या पाडावयाच्या. वरच्या निखाऱ्यांची संख्या खालच्यांपेक्षां अधिक ठेवावी, हें कोणत्याही पुस्तकावांचून या घरांतील मुली आईच्या शेजारीं बसून शिकत. उष्णता स्वभावतः वर जाते. खालीं जितके निखारे तितकेच वर ठेविले तर बूड करपतें आणि माथा पांढरा राहतो.

या विद्येचा परमोत्कर्ष गोव्यांतील बेबिंकांत झाला. नारळाचें दाट दूध, अंड्यांचे पिवळे बलक, साखर आणि थोडा मैदा यांचें पातळ मिश्रण करून त्याचा एक हात भांड्यांत ओतावयाचा. वर निखाऱ्यांचें झांकण ठेवून तो तांबूस करावयाचा, मग त्यावर तुपाचा हात फिरवून दुसरा थर ओतावयाचा. असे सात, कधीं सोळा थर. प्रत्येक थर आपापल्या वेळानें भाजला गेला पाहिजे. घाई केली तर थर एकमेकांत मिसळतात, उशीर केला तर वरचा थर खालच्यास धरीत नाहीं. सगळा दिवस त्यांत जातो. पोर्तुगालच्या मठांतून बलक आणि साखर यांचीं पक्वान्नें करण्याची मोठी परंपरा होती. तिच्यांत कोंकणचा नारळ आणि कोंकणचे निखारे मिसळले तेव्हां हें पक्वान्न जन्मास आलें. बेबिंक म्हणजे खरें पाहतां थरांचें कस्टर्डच होय. त्यास कवच लागत नाहीं, कारण प्रत्येक थराचा भाजलेला माथा हेंच त्याचें कवच.

पारशी घरांतील 'लगननु कस्टर्ड' याहून साधें, पण त्याचा मान मोठा. 'लगन' म्हणजे लग्न. लग्नाच्या जेवणांत तें असावयाचेंच. दूध आटवून निम्म्यावर आणावयाचें, त्यांत साखर, फेटलेलीं अंडीं, वेलची-जायफळ, कधीं गुलाबपाणी घालावयाचें, वर बदाम आणि चारोळी पेरून भाजावयाचें. इंग्रजी कस्टर्डांत दूध आटवीत नाहींत. हें आटवणें हा बासुंदीचा आणि रबडीचा संस्कार. तो झाल्यामुळें हें कस्टर्ड इतकें दाट होतें कीं त्याची वडी सुरीनें कापतां येते आणि ती आपल्या बळावर उभी राहते. भिंत नको असलेलें घरच तें! मेहेरबाई जमशेदजी वाडिया यांच्या 'विविध वाणी' या प्रचंड गुजराती पाकग्रंथांत पारशी आणि विलायती पदार्थ शेजारीं शेजारीं नांदतात, त्यावरून या समाजानें इंग्रजी स्वयंपाक किती मोकळ्या मनानें घरांत घेतला तें कळतें. इराण्यांनीं त्याच कस्टर्डास जळक्या साखरेचा पाक घालून आपल्या उपाहारगृहांत आणलें. बॅलार्ड इस्टेटमधील १९२३ सालीं निघालेल्या 'ब्रिटानिया'च्या पदार्थांत तें आहे.

आतां कवचाकडे वळावयाचें. पापुद्र्यांचें कवच मराठी गृहिणीस करतां येत नव्हतें काय? अवश्य येत होतें, आणि तें इंग्रज स्वयंपाकिणीच्या तोडीचें होतें. साट्याची करंजी ज्यांनीं खाल्ली असेल त्यांस हें सांगावयास नको. तूप हातावर फेसून फेसून पांढरें करावयाचें, त्यांत तांदळाची पिठी मिसळून साटा करावयाचा, पोळ्यांना तो लावून त्या एकावर एक ठेवून गुंडाळी करावयाची आणि तिच्या लाट्या पाडून लाटावयाच्या. चिरोटे, साटोऱ्या, खाजीं हीं सारीं याच कुळांतलीं. पिठाच्या दोन थरांमध्यें स्निग्ध पदार्थ राहिला म्हणजे ते थर एकमेकांस चिकटत नाहींत आणि उष्णता लागतांच सुटे होतात, हें तत्त्व विलायतेंत आणि वाईंत सारखेंच लागू पडतें. फरक इतकाच कीं आपल्याकडे तें कवच तळलें जाई, तिकडे भाजलें जाई. तळलेल्या कवचांत कोरडें सारण टिकतें, खोबऱ्याचें, रव्याचें, खव्याचें. पातळ दूध त्यांत ओतून कढईंत सोडणें अशक्य. यामुळें करंजी आणि कस्टर्ड एकाच मुंबईंत पिढ्यान्‌पिढ्या राहिलीं, परंतु त्यांची सोयरीक झाली नाहीं.

इंग्रजी कवचाविषयीं आणखी एक अडचण होती व ती साधी नव्हती. विलायतेंत पाईच्या पिठांत लोण्याबरोबर डुकराची चरबी किंवा गाईबैलांची चरबी घालण्याची वहिवाट होती. पहिली मुसलमानांस आणि यहुद्यांस वर्ज्य, दुसरी हिंदूंस. १८५७ सालच्या काडतुसांची आठवण ज्या देशांत ताजी होती, त्या देशांत परक्याच्या हातच्या खुसखुशीत पापुद्र्याकडे संशयानें पाहिलें जावें यांत आश्चर्य कसलें? लोणी किंवा तूप घालून तेंच कवच होऊं शकतें. पण तें घालणारा हात आपल्या घरचा असावा लागतो, आणि घरांत तर भट्टी नाहीं.

भट्टी होती ती पाववाल्याची. तेथें प्रश्न स्वयंपाकाचा राहत नसे, धर्माचा होई. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. या दोनशें वर्षांत उत्तर कोंकणांत 'पाव' हा पदार्थ आला आणि त्याचें पोर्तुगीज नांवही मराठींत कायमचें वसलें. पाव फुगविण्यास ताडीचा उपयोग करीत, हें एक कारण सनातन्यांस पुरेसें होतें. पाव विहिरींत टाकून गांवेंच्या गांवें बाटविल्याच्या गोष्टी लोक सांगत. त्या गोष्टी कितपत खऱ्या हा प्रश्न निराळा. परंतु भट्टींतून निघालेला पदार्थ तोंडांत घालणें आणि धर्म सोडणें यांची लोकांच्या मनांत सांगड बसली होती, हें त्यांवरून स्पष्ट दिसतें.

ही सांगड किती घट्ट होती याचा पुरावा सुधारकांच्याच चरित्रांत सांपडतो. १८४९ सालीं मुंबईंत दादोबा पांडुरंग आदि मंडळींनीं परमहंस मंडळी ही गुप्त संस्था स्थापिली. तिच्यांत प्रवेश करणाऱ्यास जातिभेद मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती भटारखान्यांतील पाव खावा लागे. पावाचा एक तुकडा! आज जो तुकडा चहांत बुडवून मुलें शाळेस पळतात, तो त्या काळीं शपथेसारखा होता; आणि ही शपथ गुप्त ठेवावी लागे. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची वही बाहेर फुटली तेव्हां संस्थाच मोडली, कारण नांव प्रकट होणें म्हणजे वाळीत पडणें होतें.

त्यानंतर तीस वर्षांनीं पुण्यांत काय झालें तें सर्वश्रुत आहे. १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानास गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा आणि बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कोणी चहा प्याले, कोणी पेल्यास नुसता हात लावला. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत छापून आणलीं, आणि ग्रामण्याचा वणवा पेटला. न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळक यांचीं मतें पुष्कळ बाबतींत जुळत नसत. परंतु या यादींत दोघांचींही नांवें होतीं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि प्रायश्चित्तावर येऊन थांबलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, तेव्हां त्यांच्या सुधारक मित्रांनींच त्यांस बोल लाविला. ज्या गांवांत एका बिस्किटानें इतका अनर्थ होऊं शकत होता, त्या गांवांत अंडें घातलेली, भट्टींत भाजलेली, विलायती नांवाची पाई कोणत्या गृहिणीनें आपल्या ताटांत घ्यावी? पाककलेचे इतिहासकार चव आणि साहित्य यांचाच विचार करतात व हा भाग विसरतात. वास्तविक खरी गोष्ट येथेंच आहे.

ही भिंत खचली ती वादानें खचली नाहीं, संवयीनें खचली. १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. पाठारे प्रभु घरांतील एका बाईनें सामिष आणि निरामिष पाककृति मराठींत छापून मध्यमवर्गाच्या हातीं दिल्या, हेंच एक मोठें काम झालें. पुढें गांवोगांव एक गोड प्रथा पडली. घरची बाई मैदा, तूप आणि साखर मळून नानकटाईचे गोळे करी, ते पत्र्यांवर मांडून मुलांच्या डोक्यावरून बेकरींत धाडी, आणि मुलें भट्टीच्या दारांत ताटकळत उभीं राहून गरम नानकटाई डब्यांत भरून आणीत. तूप घरचें, हात घरचा, आंच तेवढी बाहेरची! पंचहौद मिशनच्या चहानें जें साधलें नाहीं तें नानकटाईच्या डब्यानें बिनबोभाट साधलें. पण ओतलेल्या दुधानें भरलेलें कवच डोक्यावर घेऊन बेकरींत जाणें कोणाही मुलास साधण्यासारखें नव्हतें, आणि पाईचा प्रश्न होता तेथेंच राहिला.

राहतां राहिलें अंडें. मराठी घरांत अंड्यावांचूनही दूध बसविण्याची एक रीत फार पूर्वीपासून होती व तिच्यापुढें कोणतेंही कस्टर्ड फिकें पडावें. ती रीत खरवसाची. गाय किंवा म्हैस व्याल्यावर पहिल्या दिवसांत जें दाट पिवळसर दूध येतें तो चीक. वासराचा वांटा ठेवून उरलेला चीक साध्या दुधांत मिसळावयाचा, गूळ किंवा साखर, वेलची आणि जायफळ घालावयाचें, आणि भांडें वाफेवर ठेवावयाचें. त्या दुधांत वासराच्या रक्षणासाठीं निसर्गानें घातलेलीं प्रथिनें इतकीं विपुल असतात कीं उष्णता लागतांच तीं अंड्याप्रमाणें गोठतात आणि दूध आपोआप थिजतें. अंड्याचें काम येथें चीकच करतो. पनवेल, अलिबाग या बाजूच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजानें आणखी तिसरी वाट काढली. मांसाच्या जेवणाबरोबर दूध वर्ज्य असल्यामुळें ते नारळाच्या दुधांत गव्हाचा चीक शिजवून त्याचा हलवा थापतात आणि नववर्षाच्या सणास तो वांटतात. एकाच खाडीच्या कांठीं कोणी अंड्यानें, कोणी चिकानें, कोणी गव्हाच्या सत्त्वानें दूध बांधीत होतें, आणि प्रत्येकाच्या पाठीमागें त्याचें धर्मशास्त्र उभें होतें.

अंड्याची अडचण केवळ हिंदुस्थानांतच होती असेंही नाहीं. बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड नांवाच्या औषधविक्या रसायनज्ञास कस्टर्ड फार आवडे, परंतु त्याच्या पत्नीच्या प्रकृतीस अंडें मानवत नसे. १८३७ सालीं त्यानें मक्याच्या सत्त्वांत रंग आणि सुवास मिसळून एक भुकटी तयार केली. ती दुधांत शिजविली म्हणजे अंड्यावांचून कस्टर्डासारखा दाट पदार्थ होई. आरंभीं ती घरच्यापुरतीच होती. योगायोग असा कीं त्याच १८३७ सालीं लिस्बनजवळच्या बेलें येथें, मठ बंद पडल्यावर, मठांतील कृतीनें केलेल्या बलकाच्या कस्टर्डाच्या छोट्या पाया विकणारें दुकान उघडलें व तें अद्यापि चालू आहे. एकाच वर्षीं युरोपच्या एका टोकास कस्टर्डानें आपलें कवच जपलें आणि दुसऱ्या टोकास त्यानें अंडें टाकलें. मराठी मध्यमवर्गानें अर्थातच दुसरी वाट धरली. १९५६ सालीं पुण्यांत वेकफील्ड कंपनी निघाली, तिची कस्टर्डाची भुकटी दुकानांदुकानांतून मिळूं लागली, आणि बर्मिंगहॅमच्या एका आजारी बाईसाठीं निघालेली युक्ति सदाशिव पेठेंतल्या सोंवळ्या घरांस अगदीं मानवली. कवच गेलें होतेंच, आतां अंडेंही गेलें. नांव मात्र कायम राहिलें.

या हकीकतीचा पुढचा भाग खाडीपलीकडे घडत आहे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, १९७३ सालीं ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला, आणि बेलापूर-पनवेलच्या पट्टींत, आगरी-कोळ्यांच्या भातशेतांच्या व मिठागरांच्या जागीं, नवी मुंबई उभी राहिली. येथील सदनिकांत चूल नाहीं, शेगडी नाहीं, निखारे नाहींत. आहे ती गॅसची शेगडी आणि, पुष्कळ घरांत, ओट्यावर ठेवलेली विजेची भट्टी, जिला सारे ओव्हनच म्हणतात. इंग्रजी चुलीच्या पोटांतली पेटी दीडशें वर्षांनीं निराळी होऊन मराठी ओट्यावर येऊन बसली आहे. गोव्याचें, वसईचें, मालवणचें आणि देशावरचें कुटुंब येथें एकाच जिन्यावर राहतें. ज्या अडचणींनीं पाईचें कवच गळालें त्या येथें उरलेल्या नाहींत. म्हणून तें कवच पुन्हां घालण्यास हें शहर योग्य आहे.

जुन्या पद्धतीची पाई करण्यास सामान थोडें लागतें, धीर अधिक. २३ सेंटिमीटर रुंदीच्या थाळीस २०० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम थंड लोणी पुरे. लोणी बोटांच्या टोकांनीं मैद्यांत चोळून रव्यासारखें करावें आणि तीन-चार चमचे गार पाण्यानें पीठ जेमतेम गोळा होईल इतकेंच बांधावें; पोळीच्या कणकेसारखें तिंबलें तर कवच चामड्यासारखें होतें. ज्या गृहिणीस साट्याची करंजी येते तिला हें सांगावयास नको, परंतु नवी मुंबईच्या दमट हवेंत एक पथ्य आवश्यक आहे. लोणी हातांतच वितळूं लागतें, म्हणून पीठ अर्धा तास शीतकपाटांत ठेवावें, पहांटेच्या गारव्यांत लाटावें, आणि थाळींत बसविल्यावर पुन्हां थंड करावें. मग त्यावर कागद घालून मूठ-दोन मुठी हरभरे पसरावे, म्हणजे तळ फुगत नाहीं, आणि २०० अंशांच्या आंचेंत पंधरा मिनिटें भाजावें. हरभरे काढून गरम तळावर अंड्याचा पांढरा बलक पातळ फिरवावा आणि आणखी पांच मिनिटें ठेवावें; त्यानें तळाचीं छिद्रें बुजतात व दूध झिरपत नाहीं. कस्टर्ड पाईचा तळ ओला राहणें ही विलायतेंतील गृहिणींचीही जुनी तक्रार आहे.

सारणास ६०० मिलिलिटर दूध, चार अंडीं, १३० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. दूध कोमट करावें. अंडीं साखरेबरोबर हलक्या हातानें मोडावीं, फेस आणूं नये, नाहींतर माथ्यावर बुडबुडे राहतात. दोन्ही एकत्र करून गाळावें आणि गरम कवचांत ओतावें. वर जायफळ किसावें. हें जायफळ मराठी जिभेस परकें नाहीं. पुरणांत तें आहे, श्रीखंडांत आहे, खरवसांत आहे, आणि कोंकणांत नारळाच्या सावलींत तें पिकतेंही. यानंतर आंच १६० अंशांवर आणून चाळीस-पंचेचाळीस मिनिटें ठेवावें. दुधाअंड्याचें हें मिश्रण ८० अंशांच्या आसपास बसूं लागतें, आणि फार पुढें गेलें तर फाटून पाणी सोडतें. सारें कसब या थोडक्या अंतरांत आहे. भुकटीच्या कस्टर्डास हें भय नसतें, कारण मक्याचें सत्त्व त्यास सांभाळून घेतें, आणि म्हणूनच तें करण्यांत विशेष कौशल्यही नाहीं.

ज्यांच्या घरांत अंडें चालत नाहीं त्यांनीं भुकटीचें कस्टर्ड दाट शिजवून, पूर्ण भाजून घेतलेल्या कवचांत ओतावें व थंड करावें. जाणकार त्यास नाकें मुरडतील. परंतु शब्दाचा मूळ अर्थ कवच हाच असेल तर, अंडें असून कवच नसलेल्या पदार्थापेक्षां, कवच असून अंडें नसलेल्या पदार्थाचा त्या नांवावर अधिक हक्क आहे असें म्हणावें लागेल.

अंड्याची पाई झाली कीं नाहीं हें पाहण्यास थाळी हलकेच हालवावी. कडा बसलेल्या दिसाव्या आणि मध्यभागीं तळहाताएवढी जागा अजून थरथरावी. त्याच क्षणीं ती बाहेर काढावी, कारण आंतील उष्णतेनें ती जागा बाहेरच बसते. मग निदान दोन तास तिला सुरी लावूं नये.